पुलाचं जुनं नाव

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी स्वित्झर्लंडचा बर्फ निघतो, मग पॅरिसचा मनोरा. आम्ही नवरा-बायको २०२३ च्या ऑक्टोबरात आठवडाभर लिस्बनला जाऊन आलो, तर शेजारीपाजारी आणि कवीमित्र सगळ्यांचा एकच प्रश्न : ‘लिस्बनच का?’ मी सांगायचो, तिकडे जरा स्वस्त पडतं. ते काही खोटं नव्हतं. पण खरं उत्तर बायकोच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होतं.

ते एक चित्राचं पोस्टकार्ड. नदीवरचा लांबलचक लोखंडी पूल, खाली छापलेलं नाव ‘पोन्त सालाझार’. मागे शाईच्या तीन ओळी : ‘सर्व खुशाल. पूल फार मोठा आहे. पोरीला पापा.’ माझे सासरे रत्नागिरीकडचे, बोटीवर सारंग होते. आमच्या कोकणी मुसलमानांत त्या काळी घरटी एक माणूस बोटीवर असायचाच. १९७३ साली हे कार्ड आलं तेव्हा ही तीन वर्षांची होती. कार्डामागोमाग काही दिवसांनी तार आली. बोटीवर ताप आला, त्यातच अब्बा गेले. सोबतच्या खलाशांनी कफन बांधलं, जनाज्याची नमाज पढली आणि त्यांना समुद्रात सोडलं. गावच्या कब्रस्तानात घरातल्या सगळ्यांच्या कबरी आहेत, त्यांची नाही. शबे-बरातेला लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात, तेव्हा ही आईचा हात धरून नुसती फाटकाशी उभी राहायची. हे तिनं मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता.

मी बी.ए.ला इतिहास घेतलेला माणूस. लिस्बन म्हटल्यावर माझ्या डोक्यात वास्को द गामा. दोघं एकाच विमानात बसलो, पण चाललो होतो वेगवेगळ्या गावांना.

पहिले दोन दिवस मात्र मजेत गेले. शहर टेकड्यांवर वसलेलं. पायाखाली पांढऱ्या-काळ्या दगडांची नक्षी, पावसाच्या शिंतोड्यानंतर साबणासारखी गुळगुळीत. हिचे गुडघे आधीच बोलणारे. त्यामुळे चढावर अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम. आतून सगळी लाकडी, गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी दाराची कडी हाताला लागावी. पण आम्हाला खरा नाद लागला तो शब्दांचा. गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी खोलीची किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या, ‘शाव्ह.’ मी हिला सांगितलं, अगं, ही आपली चावी! जुनी पोर्तुगीज माणसं ‘च’ म्हणायची, आपण तो ‘च’ सांभाळून ठेवला, त्यांनी त्याचा ‘श’ करून टाकला. मग खेळच सुरू झाला. बेकरीत पाव, बाजारात बटाटा, कोबी, काजू, अननस. गवंड्याचं घमेलं त्यांचं, सुताराला आपण मेस्त्री म्हणतो तेही त्यांचं, आणि घर विकायची पाळी आली तर होणारा लिलावसुद्धा त्यांचाच. गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. आम्ही त्याची घरगुती आवृत्ती काढत होतो.

एका सकाळी आभाळ भरलं होतं. हिनं खुणेनंच विचारलं, आज पाऊस पडेल का? मालकीणबाई आभाळाकडे बघून म्हणाल्या, ‘ओशाला, नाही पडणार.’ ही एकदम माझ्याकडे वळली. ‘अहो, इन्शाअल्ला म्हणाली का ही?’ तसंच म्हणाली होती म्हणायचं. ११४७ साली लिस्बन मुसलमान राजवटीकडून ख्रिस्ती राजाकडे गेलं, पण भाषेतून काही कुणाला हाकलता आलं नाही. ‘अल्ला करो’ या अर्थाचा अरबी शब्द ओशाला होऊन त्यांच्या तोंडी राहिला. उशीला अल्मोफादा, शिंप्याला अल्फायात. आणि ज्या जुन्या वस्तीत आमची खोली होती ती आल्फामा, म्हणजे अरबीतला अल-हम्मा, गरम पाण्याचे झरे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘तुमची भाषा कोणती?’ हा प्रश्न वर्षातून चारदा तरी ऐकावा लागतो. मालकीणबाईंना तो कुणी विचारत नसावं.

तिसऱ्या दिवशी बेलेमला गेलो. तिथला जेरोनिमोस मठ म्हणजे दगडातली वेलबुट्टी. राजा मॅन्युएलनं १५०१ साली काम सुरू केलं आणि पैसा उभा राहिला तो मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची संगमरवरी शवपेटी, वर हात जोडून निजलेला पुतळा. समोरच्या बाजूला त्यांचा महाकवी कामोइंश. मी कवी असूनही कामोइंशकडे पाठ केली. वास्कोशी माझं भांडण होतं.

१५०२ साली दुसऱ्या खेपेला आला तेव्हा मलबारच्या किनाऱ्यासमोर त्यानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज अडवलं. लुटलं आणि आतल्या शेकडो माणसांसकट, बायकापोरांसकट पेटवून दिलं. जहाजाचं नाव ‘मिरी’. शाळेच्या पुस्तकात आम्हाला ‘वास्को द गामा कालिकतला कधी आला?’ एवढंच होतं, एक मार्काला. मी हिला सगळं सांगू लागलो. जहाजाचं नाव मिरी, आपल्या भाषेत मिरी म्हणजे काय, आणि ही कमान उभी राहिली ती कशाच्या पैशावर! कवितेची पहिली ओळ सुचली होती, दुसरी येऊ घातली होती. पुढे सांगितलं, हा माणूस १५२४ साली कोचीनला मेला, तिथंच पुरला, तरी १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि १८८० साली इथे या संगमरवरात आणल्या. ‘बघ, साडेतीनशे वर्षांनीसुद्धा आपल्या माणसाची हाडं कशी जपून आणतात!’

असं म्हणून मी वळलो. ही शेजारी नव्हती.

आधी वाटलं, बाकावर टेकली असेल. बाकं पाहिली, मठाचा चौक पाहिला. बाहेर प्रसिद्ध नताच्या दुकानासमोर रांग होती. ती दोनदा पुढून मागे पाहिली. फोन माझ्या खिशात, दोघांत एकच सिमकार्ड घेतलं होतं, काटकसर म्हणून. पासपोर्टसुद्धा माझ्याकडे. हिला ना इंग्रजी धड येत, ना पोर्तुगीज. पोलिसाला काय सांगणार? हिरवी साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट. दीड तास मी त्या बागेतून घोट्याला कळ येईपर्यंत फिरलो. आणि फिरता फिरता, मघाशी मी काय बोललो ते माझंच मला ऐकू आलं.

मग भुयारी वाटेनं रस्ता ओलांडून नदीकडे गेलो. तिथं १९६० साली बांधलेलं दर्यावर्द्यांचं बावन्न मीटर उंच स्मारक आहे आणि त्याच्यापुढे जमिनीवर संगमरवरी जगाचा नकाशा, त्यात जहाजांच्या वाटा. माणसं महासागरांवर उभं राहून फोटो काढत होती. त्यांच्या पलीकडे, पाण्याच्या अगदी कडेला ही बसली होती. तेजो नदीचं पात्र तिथं खाडीसारखं रुंद. डावीकडे दूरवर तो पूल. कार्डावर फिकट पडलेला, इथे गडद तांबडा.

मी रागावून काहीतरी बोलणार होतो. तिनंच आधी म्हटलं, ‘तिथं तुम्ही होता आणि तुमचा वास्को होता. मला पूल बघायचा होता.’ तिनं पदर डोक्यावरून घेतला होता. फातिहा पढून झाला असावा. पदराच्या टोकाला पाणी लागलेलं दिसत होतं.

मी शेजारी बसलो. आयुष्यभर कविसंमेलनांतून बोललेल्या माणसाला गप्प बसायला किती कष्ट पडतात ते तेव्हा कळलं. अब्बांचा समुद्र हा नव्हे, ते पुढे कुठल्या पाण्यात राहिले ते बोटीवरच्यांनाच ठाऊक, हे तिलाही माहीत होतं. पण बोटीवरून उतरून त्यांनी पूल पाहिला आणि कार्ड घेतलं, तो हाच किनारा.

बऱ्याच वेळानं तिनं पर्समधून कार्ड काढलं. शेजारच्या बाकावर गळ टाकून बसलेले एक आजोबा मघापासून बघत होते. त्यांनी हात पुढे केला. नाव वाचलं आणि मान हलवली. ‘नाऊ सालाझार,’ म्हणाले आणि त्या नावावर बोटानं काट मारल्यासारखं केलं. ‘विन्त इ सिंकु द आब्रील.’ एप्रिलची पंचवीस. १९६६ साली पूल खुला झाला तो हुकूमशहा सालाझारच्या नावानं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी ती राजवट उलथवली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली आणि पुलाला ती तारीख मिळाली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं करारानं मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला. हे सगळं मला हिला सांगायचं होतं. सांगितलं नाही. आजोबांनी कार्डाची मागची बाजू पाहिली, देवनागरीवरून बोट फिरवलं आणि हिच्याकडे बघून विचारलं, ‘पाय?’

पाय म्हणजे त्यांच्या भाषेत वडील. हिला ते कसं समजलं कोण जाणे. तिनं मान हलवली. म्हाताऱ्यानं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

संध्याकाळी आम्ही भाजलेले सार्डिन खाल्ले, म्हणजे आपले पेडवेच. ही म्हणाली, यांना मसाला लावायची अक्कल नाही, आणि माझ्या ताटातलेही दोन उचलले. शुक्रवारी मध्यवर्ती मशिदीत जुम्याची नमाज मिळाली. शेजारी मोझांबिकहून आलेलं एक गुजराती कुटुंब होतं, आम्हाला पाहून हिंदीत बोलायला लागलं. शेवटचे दोन दिवस ट्राममधून फिरताना मी माहिती सांगितली नाही. हिनंच विचारलं तेव्हा तेवढी सांगितली.

निघताना हिनं विमानतळावर त्याच पुलाचं नवं कार्ड घेतलं. मी म्हटलं, इथूनच घरच्या पत्त्यावर टाकू, गंमत येईल. ‘पोस्टाचा काय भरवसा!’ म्हणून तिनं ते पर्समध्ये टाकलं. आता दोन्ही कार्डं एका पाकिटात, साड्यांच्या खाली आहेत. नव्यावर अजून काही लिहिलेलं नाही.