‘ऑल राइट?’ विचारणाऱ्या देशात

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून तीन जड सत्रं झाली आहेत आणि आत्ता सगळ्यांची जेवणं झाली आहेत. म्हणून संयोजक मैत्रिणींनी मला बजावलंय, ‘तू विलायतेच्या गमती सांग, नाहीतर बायका पेंगतील.’ नवऱ्याच्या नोकरीपायी मी 2005 ते 2014 अशी नऊ वर्षं इंग्लंडात, लीड्सला राहिले. तेव्हा गमती आहेत भरपूर. पण शेवटची गोष्ट गमतीची नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी कचरा टाकायला बाहेर आले, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘यू ऑल राइट?’ मला वाटलं, काय सज्जन माणूस! परक्या देशात कोणीतरी आपली विचारपूस करतंय. माझ्या पाठीत उसण भरली होती. मी थांबले आणि सगळं सांगितलं. विमानातल्या बॅगा, घरातली मऊ गादी, रात्रभर न लागलेली झोप, आईनं सांगितलेला शेक. ते गृहस्थ एकेक पाऊल मागे सरकत होते. शेवटी ‘ओ डिअर’ म्हणाले आणि चक्क घरात गेले. पुढे कळलं, हा प्रश्न नाहीच. तो नमस्कार आहे. ‘ऑल राइट?’ला उत्तर ‘ऑल राइट.’ आणि दोघांनी चालू लागायचं. पाय मोडलेला माणूसही तिथे ‘नॉट टू बॅड’ म्हणतो.

दुसरी गंमत बसमधली. तिकीट देताना ड्रायव्हर म्हणाला, ‘थँक्स, लव्ह.’ मी चरकलेच. इथे आपण रस्त्यावरच्या छेडछाडीविरुद्ध मोर्चे काढले, आणि तिथे हा गणवेशातला माणूस दिवसाढवळ्या! तक्रार कुठे करायची याचा विचार करत बसले. तेवढ्यात मागून काठी टेकत ऐंशीचे एक आजोबा चढले. ड्रायव्हर त्यांनाही म्हणाला, ‘थँक्स, लव्ह.’ यॉर्कशरमध्ये हे आपल्या ‘बाळा’ किंवा ‘राजा’सारखं आहे. माझा मोर्चा तिथेच विसर्जित झाला.

मग चहा. शेजारणीनं साडेपाचला ‘टी’ला बोलावलं. चहा म्हणजे चहा, फार तर बिस्किट. म्हणून आम्ही वरणभात जेवूनच गेलो. तर टेबलावर बटाटे, वाटाणे, भाजलेल्या भाज्या, पाय, पुडिंग. इंग्लंडच्या उत्तर भागात संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. आम्ही दुसऱ्यांदा जेवलो. उलट, ‘कधीतरी चहाला यायलाच हवं हं तुम्ही’ असं कोणी तोंड भरून म्हणालं तर ते आमंत्रण नसतं. वार आणि वेळ सांगितली तर आमंत्रण. पुणेकर मैत्रिणींना यात नवल वाटणार नाही!

आणि ‘सॉरी’. बसमध्ये माझा पाय एकाच्या पायावर पडला, तर सॉरी तोच म्हणाला. दुकानात किंमत विचारायची तर आधी सॉरी. रांगेत कोणी घुसलं तर मागचा माणूस त्याला ‘सॉरी, रांगेचं टोक तिकडे आहे’ म्हणतो. तिथल्या भाषेत ही जवळजवळ शिवीच! ऐन जानेवारीत आमचा पाणी तापवायचा बॉयलर बंद पडला. फोनवरच्या माणसानं एका संभाषणात बारा वेळा सॉरी म्हटलं, मी मोजलं. बॉयलर दुरुस्त व्हायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मला एक शिकायला मिळालं, माफी मागणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आता त्या देशाचं एक चित्र सांगते. 1982 साल. गादीवर राणी, म्हणजे बाई. पंतप्रधान मार्गारेट थॅचर, त्याही बाई. आणि लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल व्हिनो’ या वाइन बारमध्ये काउंटरशी उभ्या असलेल्या बाईला पेला देत नसत! तिनं मागच्या खोलीत जाऊन टेबलाशी बसायचं आणि वेटरची वाट बघायची. वर हे सगळं मोठ्या अदबीनं, बायकांच्या सोयीसाठीच चाललंय अशा थाटात. एक वकील बाई आणि एक पत्रकार बाई कोर्टात गेल्या. 1975 चा लिंगभेदविरोधी कायदा हाताशी होता, तरी खालच्या कोर्टात हरल्या. अपील कोर्टात जिंकल्या. कोणी म्हणेल, यात काय एवढं, दारू पिण्याचा तर हक्क! पण फ्लीट स्ट्रीट म्हणजे वर्तमानपत्रांचा रस्ता. बातम्यांची आणि ओळखीपाळखीची देवाणघेवाण त्या काउंटरशी चालायची. मागच्या खोलीत बसवलेल्या बाईच्या कानावर त्यातलं काय पडणार?

तिथल्या लग्नाच्या दाखल्याचंही असंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1837 पासून दाखल्यावर वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहीत. आईचं नाव विचारतच नसत. नऊ महिने पोटात वाढवलं ते गेलं कुठे? 2021 च्या मे महिन्यात आईचं नाव आलं. आपण हसायची घाई करू नये. महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचा नियम 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांना लागू झालाय. म्हणतात ना, घरोघरी मातीच्या चुली.

आता ती न हसण्याची गोष्ट.

लीड्सच्या जुन्या कामगार वस्तीतली घरं लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली. आपली चाळ घ्यावी, कापावी, आणि प्रत्येकीला एक जिना नि एक दार द्यावं, तसं. काही घरं तर पाठीला पाठ लावून, म्हणजे तीन बाजूंना शेजाऱ्यांची भिंत. फरक एवढाच, की चाळीत भिंत पातळ असली तरी दार उघडं असतं. तिथे भिंतही पातळ आणि दारही बंद. इंग्रजाचं घर म्हणजे त्याचा किल्ला, ही तिथली म्हण. 1604 सालच्या एका खटल्याच्या निवाड्यापासून ती सांगितली जाते. राजाच्या माणसांनीसुद्धा वाटेल तेव्हा दार फोडून आत यायचं नाही, हा त्यातला अर्थ चांगलाच आहे. पण नीट ऐका, ‘त्याचा’ किल्ला. किल्ल्याच्या आत ती कशी आहे, हे कोणी विचारायचं?

आमच्या पलीकडच्या घरात एक पंजाबी मुलगी राहायची. जालंधरकडून लग्न होऊन आलेली, तेवीस-चोवीस वर्षांची. नवरा तिथलाच नागरिक. तिच्या पलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या इंग्रज आजी. म्हणजे त्या मुलीच्या एका भिंतीला मी आणि दुसऱ्या भिंतीला आजी.

एकदा मी आमटीला फोडणी दिली आणि मोहरी करपली. स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा असा कोकलायला लागला, की दोन घरं ओलांडून आजी दोन मिनिटांत दारात हजर. ‘सॉरी टु बॉदर यू, पण काही जळतंय का?’ करपलेल्या मोहरीसाठी दोन मिनिटं!

आणि मधल्या घरातून रात्री रडण्याचे, भांडी आपटल्याचे, मारल्याचे आवाज यायचे. त्याला आठ महिने झाले होते. सकाळी ती मुलगी बाहेर दिसायची. आजी म्हणायच्या, ‘ऑल राइट, लव्ह?’ ती म्हणायची, ‘ऑल राइट.’ मीही विचारायची. तेच उत्तर. एकदा गालावर वळ होता. आम्ही पावसाबद्दल बोललो.

मैत्रिणींनो, मी काही या कामात नवखी नव्हते. इंग्लंडला जायच्या आधी सहा वर्षं मी आपल्या सल्ला केंद्रात बसत होते. रात्री अकराला वस्तीत जाऊन दारं वाजवली आहेत. तुमच्यातल्या काही जणी तेव्हा माझ्याबरोबर होत्या. आणि तिथे मी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. मनाशी म्हटलं, इथली रीत वेगळी, आपण परके, आपला काय संबंध. रांगेत उभं राहायला शिकले, सॉरी म्हणायला शिकले आणि न ऐकायलाही शिकले.

शेवटी हललं कोण? आजी. 2013 सालचा नोव्हेंबर. एका सकाळी त्या माझ्या दारात. आधी सॉरी. मग धुक्याबद्दल दोन वाक्यं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘भिंतीतून ऐकू येतं. तुम्हालाही येत असेल.’ मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, ‘माझी आई अशीच होती. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सगळे फार सभ्य होते.’

नवरा कामावर गेल्यावर आजी हातात रिकामा कप घेऊन त्या दाराशी गेल्या. साखर मागायला. आजींना मधुमेह! त्या घरात साखर ठेवतच नव्हत्या. मुलीनं दार उघडलं. ‘ऑल राइट, लव्ह?’ ‘ऑल राइट, थँक यू.’ आणि आजी हलल्या नाहीत. बाहेर भुरभुर पाऊस, हातात कप, आजी उभ्या. मी माझ्या खिडकीतून बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. आणि ती मुलगी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

मग मला बोलावणं आलं, हिंदीसाठी. तिचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात. त्यानं सांगून ठेवलं होतं, ‘पोलिसांकडे गेलीस तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील.’ हे धादांत खोटं. पण अर्धं खरं असं होतं, की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला सरकारी मदतीवर हक्क नसतो. तिथल्या आधारगृहांचं भाडं बहुतेक करून सरकारच्या घरभाडे-मदतीतून येतं. जिला ती मदत नाही तिला आधारगृहानं ठेवायचं कसं? म्हणजे कायदा आहे, आधारगृह आहे, आणि बाई दाराबाहेर.

ही गाठ सोडवायला ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’सारख्या संघटना वर्षानुवर्षं झगडल्या. 1979 मध्ये लंडनच्या साउथॉल भागात आशियाई आणि कॅरिबियन बायकांनी ही संघटना उभी केली. किरणजित अहलुवालिया हिला नवऱ्याच्या खुनाबद्दल 1989 मध्ये जन्मठेप झाली होती. दहा वर्षांची मारहाण कोर्टानं नीट विचारातच घेतली नव्हती. ती 1992 मध्ये सुटली, त्यामागेही याच बायका. या झगड्यातून 2002 मध्ये हिंसाचारामुळे लग्न मोडलेल्या बाईला तिथे कायम राहण्यासाठी अर्ज करायचा नियम आला, आणि 2012 मध्ये तो अर्ज करेपर्यंत तीन महिने सरकारी मदत घ्यायची सवलत. आमच्या शेजारणीला तीच सवलत मिळाली. तिथल्या आशियाई बायकांच्या एका संघटनेनं कागद केले. तीन आठवड्यांनी ती आधारगृहात गेली. जाताना आजींना साखरेचा एक पुडा देऊन गेली.

तुमच्या भाच्या-पुतण्या नवऱ्याच्या नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर तिकडे जातात, त्यांना एक सांगा. 2024 च्या फेब्रुवारीपासून ही तीन महिन्यांची सवलत त्यांनाही मिळू शकते. मात्र कायम राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आणि संकटात मोबाइलवरून 999 लावला पण बोलता येत नसेल, तर विचारल्यावर 55 दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो.

यातलं काहीही इंग्रजांच्या सभ्यपणातून आलेलं नाही. मार खाणाऱ्या बायकांसाठीचं पहिलं आधारगृह लंडनच्या चिझिकमध्ये 1971 साली बायकांनीच उघडलं. नवऱ्यानं केलेला बलात्कार हाही बलात्कारच, हे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं 1991 मध्ये मान्य केलं. आपल्याकडे 2024 च्या जुलैत लागू झालेल्या नव्या न्याय संहितेनंही नवऱ्याला दिलेली सूट तशीच ठेवली आहे. तेव्हा ‘तिकडे कसे सुधारलेले लोक’ हे म्हणणं सोडा, आणि ‘आपल्याकडे कशी माणुसकी’ हेही सोडा. तिकडे ‘सॉरी’ म्हणून दार बंद करतात. इकडे ‘नवराबायकोचं भांडण आहे’ म्हणून करतात. आपल्या नव्या सोसायट्यांत तर तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं तेही माहीत नसतं.

आपल्याकडे 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ मोहीम झाली. मारहाणीचा आवाज आला की चेंडू मागायच्या निमित्तानं का होईना, घंटी वाजवा. मी ती नंतर पाहिली आणि मला आजींचा कप आठवला. कायदाही आपल्या बाजूनं आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 4 वाचा. हिंसा होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं ज्याला वाटतं असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘आपला काय संबंध’ याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे.

आजींनी नवं काही केलं नाही. गेली आठ महिने रोज विचारत होत्या तोच प्रश्न विचारला. फक्त त्या दिवशी उत्तरासाठी थांबल्या. आपणही रोज विचारतोच की, ‘काय, बरं आहे ना?’

तेव्हा आज घरी जाल, जिन्यात शेजारीण भेटेल. तिला विचारा. आणि ती ‘बरं आहे’ म्हणाली तरी दोन मिनिटं थांबा. हातात वाटी असली तर उत्तमच.