रिकामी पुंगळी

रायफल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचे काडतूस मात्र बाजारातून नाहीसे होते. १८८२ साली वसलेल्या व्हाइटफील्ड या अँग्लो-इंडियन वसाहतीपासून जवळच, बेंगळुरात, शिकारी-लेखक केनेथ अँडरसन राहत. त्यांची रायफल विंचेस्टर ४०५. तिचे काडतूस १९०४ साली निघाले आणि पुढे दुर्मिळ झाले. अशा वेळी जाणकार मनुष्य झाडलेली पितळी पुंगळी साच्यात घालून मापास आणतो, नवी टोपी बसवितो, दारू तोलून भरतो व वर गोळी दाबतो. दारू अधिक पडली तर ते बंदूक धरणाऱ्याच्याच जिवावर बेतते. म्हणून परवान्याविना हा उद्योग १९५९ च्या शस्त्र कायद्याने निषिद्ध आहे. दर बारागणिक पितळ कडक होते आणि अखेर तडकते. तोवर पुंगळी पुन्हा भरता येते; रिते झालेले रान तसे भरता येत नाही. अँडरसन उत्तरायुष्यात कॅमेऱ्याकडे वळले, ते उगीच नव्हे.