उतारावर इंजिन बंद करू नका

निम्न तेरणा धरणाच्या माकणीहून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलात, पुढे सोलापूरकडे घाट उतरू लागलात, की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. इंजिन थांबलं, की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पाय दाबताच संपते. मग पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर ते लॉकही होऊ शकतं! खरं तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की इंजेक्टर पेट्रोल सोडणं थांबवतात. चाकंच इंजिन फिरवतात, ब्रेकही कमी तापतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही सोय सहसा नव्हती. रेल्वे फाटकावर थांबलात, तर मात्र इंजिन जरूर बंद करा.