बोलून बरे होणे

घरातलं कुणी खचलं, झोप-जेवण सुटलं, म्हणजे आपण त्याला मानसोपचारासाठी तालुक्याला नेतो. दोन खेपा होतात. तिसऱ्या वेळी तो म्हणतो, "मी नाही यायचा. नुसतं बोलून काय व्हायचंय?" आपण त्याला हट्टी ठरवतो. मला विचाराल तर आधी त्याला पुसावं, "त्या माणसापाशी तुझं मन मोकळं होतं का रे?"

हा प्रश्न वरवरचा नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ सालीच मांडले की, उपचारकाची आस्था खरी हवी, आणि ती रोग्याला जाणवायलाही हवी. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये पुढे सांगितले : काय साधायचे, त्यासाठी काय करायचे, यावर दोघांचे एकमत हवे, शिवाय जिव्हाळा. २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नाते जुळले तिथे गुण अधिक, असेच दिसले. सगळे श्रेय नात्याचे नव्हे, हेही खरे. पण शिक्षकांना हे नवीन नाही. ज्या गुरुजींची धास्ती, त्यांना अडलेलं गणित कोण विचारतो?

आता, उपचारकाचा एखादा शब्द टोचला तर? रोगी बहुधा गप्प बसतो आणि जाणं सोडतो. त्यापेक्षा पुढच्या खेपेला सरळ सांगावं, "तुमचं ते बोलणं मला लागलं." जाणता उपचारक रागावत नाही, तिथूनच बोलणं पुढे नेतो. सांगूनही ऐकलंच जात नसेल, तर दुसरा उपचारक पाहावा. चालू गोळ्या मात्र आपल्या मनानं थांबवू नयेत.