पोरगा चांगला, पण जावई नको

आज २०१८ ची कोरियन मालिका, 'समथिंग इन द रेन'. १६ भाग. जिन-आ पस्तिशीची, जून-ही तिच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. जिन-आची आई त्याला घरचाच मानते, जेवू घालते. पण जावई? छे! बाप सोडून गेलेला, मागे घराणं नाही.

त्याच वर्षी आपल्याकडे 'तुला पाहते रे' आली. तिथे पुरुष वीसेक वर्षांनी मोठा, तरी घरोघरी चालली.

मी ही खारीत, हेडफोन लावून बघितली. आई शेजारीच भाजी निवडत होती. माझी मैत्रीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. घरी येते, आई म्हणते, "गुणी पोरगी." आईला तेवढंच माहितीये.

जिन-आ घरी खोटं बोलत राहते ना, तेव्हा मला तिचा जाम राग आला. मग हेडफोन काढून ठेवला.