चुनखडी, मॅग्नेशिया आणि तराजू



चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना मिळतो, हे पुष्कळ मुलांना ठाऊक असते. परंतु भाजल्याने दगडात नेमका कोणता पालट होतो, हे कोडे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटले नव्हते. चुनखडी निरुपद्रवी, तर कळीचा चुना दाहक. हा दाहकपणा अग्नीतून दगडात शिरतो, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती.

एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेणारा जोसेफ ब्लॅक हा तरुण मूतखड्यावर सौम्य औषध शोधीत होता. त्या विकारावर चुन्याची निवळी देत. पण ती दाहक असे. म्हणून त्याने शुभ्र मॅग्नेशिया, म्हणजे मुख्यत्वे मॅग्नेशियम कार्बोनेट, हा पदार्थ अभ्यासासाठी निवडला. भाजण्यापूर्वी तो आम्लात फसफसे. भाजल्यावर त्याचे वजन बरेच घटे व तो आम्लात न फसफसता विरघळे. या द्रावात सौम्य पोटॅश मिसळताच पांढरा साका खाली बसे. त्याचे वजन जवळजवळ मूळच्या मॅग्नेशियाइतके भरे आणि तो पुन्हा फसफसे. अग्नीने हिरावलेला वायू पोटॅशने परत दिला, हे उघड झाले. चुन्याचेही असेच आहे; अग्नी त्याला काही देत नाही, त्याच्यातून वायू काढून घेतो, असे ब्लॅकने दाखविले. त्याचा प्रबंध १७५४ साली सादर झाला व विस्तृत निबंध १७५६ साली छापला गेला. त्याने ज्याला बद्ध वायू म्हटले, तोच कार्बन डायऑक्साइड होय.

आजच्या मापाने, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० भागांतून सुमारे ५६ भाग चुना उरतो व ४४ भाग वायू निघून जातो. मॅग्नेशियम कार्बोनेटच्या ८४ भागांतून तेवढाच, म्हणजे ४४ भाग वायू जातो व ४० भाग मॅग्नेशिया उरतो. भेद पुढे आहे. चुना पाण्यात थोडा विरघळून दाहक निवळी देतो. मॅग्नेशिया जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सौम्य राहतो. डोलोमाइट या खडकात दोन्ही कार्बोनेटे एकत्र असतात. थंड, विरल आम्लात तो चुनखडीपेक्षा मंद फसफसतो.

हे सारे वर्गात एका पेल्यात दाखविता येते. निवळीत तितकेच पाणी घालून शिक्षकाने नळीने हळूहळू फुंकर घालावी. प्रथम निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. बराच वेळ फुंकत राहिल्यास ती पुन्हा स्वच्छ होते, कारण विद्राव्य बायकार्बोनेट बनते. हेच पाणी उकळले की वायू जाऊन गढूळपणा परततो. काही विहिरींचे पाणी तापविताना भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, त्याचे कारण हेच. अशा पाण्यात साबणाला फेस कमी येतो. चुनखडीच्या प्रदेशात गुहा कोरल्या जाण्याच्या व त्यांत लवणस्तंभ घडण्याच्या मुळाशीही हीच देवघेव असते.

फळ्यावरचा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा, असे पाठ करवून घेण्यापूर्वी त्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. पुष्कळ खडू जिप्समचे असतात. ते फसफसत नाहीत. शिंपला वा अंड्याचे कवच मात्र फसफसते.

कळीचा चुना मुलांच्या हाती कदापि देऊ नये. पाणी पडताच तो तीव्र उष्णता देतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी गमावण्याचा धोका असतो. निवळीही नळीने तोंडात ओढली जाऊ नये, म्हणून फुंकण्याचे काम शिक्षकानेच करावे.

ब्लॅकजवळ फार मोठी साधने नव्हती. वजन करून पाहण्याची सवय होती, आणि तिनेच जुनी समजूत ढळली. पाठ्यपुस्तकातील वाक्यही पडताळून पाहावे, ही सवय मुलांना लागली, तर चुन्याचा पाठ सार्थकी लागला असे समजावे.