आधी फोन ठेवा

(1981 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली काही विषयांतरे गाळली आहेत, काही तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. मसालेभाताचा वास मलाही येतो आहे, त्यामुळे मी वेळ पाळीन. मी 37 वर्षे बँकेत काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. संयोजक म्हणाले, बँकेतले काहीतरी उपयोगाचे सांग. व्याजदर सांगून आता कोणाला आनंद होण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणून फसवे मेल, फसवे मेसेज आणि फसवे फोन यांविषयी बोलते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या टेबलासमोर बसून जी माणसे रडली, ती कर्ज नामंजूर झाले म्हणून नव्हे, यामुळे रडली.

याला फिशिंग म्हणतात. मासेमारीचाच शब्द, फक्त स्पेलिंगमध्ये एफच्या जागी पीएच. नव्वदच्या दशकात अमेरिकेत तो रुळला. धंदा मात्र त्याहून जुना आहे. परदेशातल्या तुरुंगात एक श्रीमंत कैदी अडकला आहे, त्याला सोडवायला थोडे पैसे पाठवा, मग मोठा वाटा देऊ, अशी पत्रे एकोणिसाव्या शतकातही पोस्टाने येत होती. तेव्हा पाकीट आणि तिकिटाचा खर्च तरी होता. आता तोही नाही. एक मेल लाख जणांना पाठवला आणि दहा जण गळाला लागले तरी चोराचा धंदा बसतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आत्ता काय आहे ते मला ठाऊक आहे. फसतात ती माणसे एकतर हावरी असतात नाहीतर अडाणी. मीही सुरुवातीला हेच ऐकत होते. पण माझ्यासमोर जे बसले त्यांत डॉक्टर होते, निवृत्त मुख्याध्यापक होते, एक चार्टर्ड अकाउंटंट होते. हाव फार थोड्यांना नडली. बाकीच्यांना नडली ती सवय. सरकारी आवाज कानावर पडला की उठून उभे राहायचे आणि विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे, ही सवय. सर, बाई, ती तुम्हीच लावलीत. तुम्हाला दोष देत नाही, चांगलीच सवय आहे. पण चोराने ती बरोबर हेरली आहे.

2024 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाखेत पंचाहत्तरीच्या आसपासचे एक सेवानिवृत्त शिक्षक आले. दोन एफडी मोडायच्या, मिळून अठरा लाख, आणि रक्कम परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात आरटीजीएसने पाठवायची. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला, पण तिला काहीतरी खटकले म्हणून तिने त्यांना माझ्याकडे पाठवले. कारण विचारले तर म्हणाले, "जमिनीचा व्यवहार आहे." इतकेच, पाठ केल्यासारखे. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती जाईल हे त्यांनी विचारलेच नाही. पैशापैशाचा हिशोब ठेवणारा शिक्षक हे विचारणार नाही, हे मला पटेना.

मग लक्षात आले की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल उभा आहे, कॅमेरा बाहेर डोकावतो आहे, आणि ते सारखे खाली बघत आहेत. मी पैसे भरायची एक स्लिप उलटी केली आणि मागे लिहिले, "फोन चालू आहे का? असेल तर नुसती मान हलवा." त्यांनी मान हलवली. खाली लिहिले, "पोलीस बोलतात का?" पुन्हा मान हलली. मी उठले, त्यांच्या खिशातून फोन काढला आणि बंद केला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "मॅडम, आता ते मला पकडतील."

आदल्या दिवशी सकाळपासून ते त्या व्हिडिओ कॉलवर होते. रात्री झोपतानाही फोन उशाशी, कॅमेरा चालू. तुमच्या नावाचे पार्सल कस्टम्सने पकडले, त्यात अमली पदार्थ सापडले, तुमचे आधार कार्ड वापरले गेले, असे सांगितले होते. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, व्हॉट्सअॅपवर शिक्क्यानिशी वॉरंट. पैसे "पडताळणीसाठी" सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. आणि कोणालाही सांगायचे नाही, पत्नीलाही नाही. त्या बिचाऱ्या शेजारच्या खोलीत बसून होत्या, आपल्या नवऱ्याला काय झाले आहे हे न कळता.

यालाच डिजिटल अरेस्ट म्हणतात आणि असली कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि तपासासाठी तुमचे पैसे कुठल्याही खात्यात भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कारण हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला चक्क सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुटले होते. तेव्हा कागदावरचा शिक्का पाहून घाबरू नका. शिक्का आता पाच मिनिटांत तयार होतो.

जाता जाता एक सांगते. फोनच्या पलीकडचा माणूस नेहमीच मजेत बसलेला चोर असतो असे नाही. म्यानमार, कंबोडियातल्या कुंपणबंद वसाहतींमध्ये नोकरीच्या आमिषाने नेलेली आपलीच मुले मारहाण सोसून हे फोन करतात. मार्च 2025 मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी तिकडून परत आणले. म्हणून कोणाचा मुलगा-भाचा थायलंडला "डेटा एंट्रीच्या" नोकरीला निघाला असेल तर आधी चौकशी करा.

आता मेलकडे वळते, कारण निम्मी बॅच अजून मेल उघडते, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये इन्कम टॅक्सच्या रिफंडची वाट पाहत. नेमका तेव्हाच मेल येतो, "तुमचा रिफंड मंजूर, येथे क्लिक करून खाते क्रमांक भरा." खरा रिफंड तुम्ही विवरणपत्र भरताना आधीच पडताळलेल्या खात्यात आपोआप जमा होतो, क्लिक करावे लागत नाही. मोबाइलवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचे नुसते नाव दिसते. नाव कोणीही काहीही लावू शकतो. त्या नावावर बोट ठेवा, म्हणजे खरा पत्ता दिसेल.

आणि पत्ता वाचताना आपल्या मराठीच्या बाईंना आठवा. 'घ'च्या जागी 'ध' आणि 'भ'च्या जागी 'म' काढला की वहीवर लाल रेघ यायची. तोच डोळा इथे लागतो. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की लहान पडद्यावर एम वाटतो. ओच्या जागी शून्य बसवले तर कळतही नाही. दुसरी खूण म्हणजे आडनाव. आपल्या हजेरीपटात आडनाव आधी असायचे, वेबसाइटच्या पत्त्यात ते शेवटी असते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे जे लिहिले आहे तो त्या जागेचा खरा मालक. त्याआधी बँकेचे नाव कितीही झोकात लिहिलेले असो, त्याला काडीची किंमत नाही. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना आपले संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला लावले, त्यामुळे आता बँकेपुरते हे आडनाव ओळखणे सोपे झाले आहे. तरीही माझा सल्ला असा, की मेलमधल्या लिंकवरून बँकेत जाऊच नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा बँकेचे अॅप उघडा. पासबुकावर छापलेला नंबर सर्वांत चांगला. गुगलवर शोधलेला कस्टमर केअरचा नंबर मात्र नको, तिथेही चोर आपला नंबर पेरून ठेवतात.

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" हा मेसेज आपल्या ग्रुपवरच तिघांनी टाकला होता. महावितरण असा मेसेज कोणा माणसाच्या वैयक्तिक नंबरवरून पाठवत नाही. त्या नंबरवर फोन केला की गोड आवाजात एक अॅप उतरवून घ्यायला सांगतात, आणि ते घेतले की तुमचा पडदा त्याला दिसू लागतो. हल्ली लग्नपत्रिका आणि वाहतुकीच्या दंडाचे चलनही फाइल म्हणून व्हॉट्सअॅपवर येते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतील तर ती पत्रिका नाही, तो प्रोग्राम आहे. तो तुमचे एसएमएस वाचतो, म्हणजे ओटीपी तुम्ही कोणाला सांगावाही लागत नाही. लग्नाला जायचे असेल तर यजमानांना फोन करा, त्यांनाही बरे वाटेल.

पेन्शनर मंडळींना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी फोन येतात. तो दाखला फोनवर ओटीपी सांगून होत नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. जुना सोफा विकताना "पैसे मिळवण्यासाठी" कोणी पिन टाकायला सांगितला तर सोफा घरातच राहू द्या.

आता जे सांगते त्यासाठी मी आपल्या बॅचमधल्या एकाची परवानगी घेतली आहे. तो आज या हॉलमध्ये आहे. नाव नको म्हणाला. अशाच एका अॅपमुळे त्याच्या खात्यातून सात लाख गेले. पण गेले त्या दिवशी त्याने कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगा परदेशात, तो चिडेल. बायको म्हणेल, मी आधीच सांगत होते. आणि आपण गावात चार लोकांना सल्ला देणारे. नऊ दिवस तो एकटा ते घेऊन फिरला. दहाव्या दिवशी मला फोन केला. तोपर्यंत पैसे सात-आठ खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते. चाळीस हजार कुठेतरी अडकलेले सापडले, तेवढेच.

माझी खात्री आहे, पहिल्या तासात त्याने तोंड उघडले असते तर यातले बरेच वाचण्याची आशा होती. 1930 हा क्रमांक त्यासाठीच आहे. तिथे फोन केला की तुमच्या बँकेकडून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवले जाते आणि रक्कम तिथेच गोठवण्याचा प्रयत्न होतो. चोराला पैसे पुढे ढकलायला काही मिनिटे लागतात, म्हणून तुम्हीही मिनिटांत हलायला हवे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तक्रार नोंदवता येते. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे दोन्ही बाबतींत गप्प बसण्याने नुकसानच होते.

गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 मध्ये देशात सुमारे 22,845 कोटी रुपये असे गेले. हा आकडा तक्रार केलेल्यांचा. आपला मित्र नऊ दिवस ज्या यादीत नव्हता, ती ही यादी.

इथे काही जणांची मुलेही आली आहेत, त्यांना एक सांगायचे आहे. आई-बाबांचा असा फोन आला तर पहिले वाक्य "तुम्ही असे केलेच कसे" हे नको. ते नंतर, वर्षभराने, हसत विचारा. त्या क्षणी फक्त एवढे विचारा, "1930 ला फोन केलात का? नसेल तर मी करतो." तुम्ही रागावणार नाही याची त्यांना आधीपासून खात्री असेल, तरच ते नऊ दिवस थांबणार नाहीत. हे दिवाळीला घरी गेलात की सांगून टाका, मोबाइलवर नको.

आणि आपण सर्वांनी एक करू या. आपल्या बॅचचा ग्रुप आहे, रोज सकाळी पन्नास सुप्रभात येतात. ते येऊ देत. पण कोणालाही संशयाचा फोन आला, तर तो ठेवा आणि ग्रुपवर फक्त 'घंटा' एवढा शब्द टाका. पहिल्यांदा पाहील त्याने लगेच त्या व्यक्तीला फोन लावायचा, कारण न विचारता. पोलीस खरे असतील तर पाच मिनिटांनी काही बिघडत नाही, ते समन्स घेऊन घरी येतील. चोराला मात्र तुम्ही एकटे आणि घाईत हवे असता. ते शिक्षक माझ्याकडे आले तेव्हा भर दुपारी गजबजलेल्या बँकेत उभे होते, तरी एकटेच होते.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत तासभर बसणार आहे. ज्यांना आपल्या मोबाइलमधली अनोळखी अॅप्स पाहून काढून टाकायची आहेत, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्यायची आहे, त्यांनी यावे. चष्मा आणा. बाई, तुम्ही आधी या, तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे. पिन मात्र टाकताना माझ्याकडेही पाठ करा.